भोर–वेल्हें मुलखांतील जुन्या वाटा व हल्लींची एस्. टी.

मावळांतील दप्तरें वाचणारास एक अडचण वारंवार पडते. कागदांत जीं दोन गांवें एकमेकांचीं शेजारीं म्हणून येतात, ज्यांच्या सोयरिकी एकमेकांत होतात व ज्यांचे वतनाचे तंटे एकाच गोतसभेपुढें निवडले जातात, त्याच गांवांमध्यें हल्लींच्या मोटारीच्या वेळापत्रकाप्रमाणें सबंध दिवसाचा प्रवास पडतो. मग वाचणारा गोंधळतो. कागद लिहिणारा चुकला असावा, किंवा गांवाचें नांव त्याच नांवाच्या दुसऱ्या गांवाचें असावें, अशा शंका काढून तो कागद बाजूस ठेवतो. कधीं कधीं तेवढ्यावरून कागदास बनावट म्हणण्यापर्यंतहि मजल जाते. आमच्या मतें अशा पुष्कळ प्रसंगीं दोष कागदाचा नसून वाचणाराच्या वाटेचा असतो. तो पुण्याहून एस्. टी. नें एका खोऱ्यांत जातो, तेथून परत हमरस्त्यावर येतो, पुन्हा दुसऱ्या खोऱ्यांत शिरतो, आणि तीनशें वर्षांपूर्वींचा माणूसहि असाच जात होता असें नकळत धरून चालतो.

प्रस्तुत विचार पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हें या दोन तालुक्यांपुरता आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर, नसरापूरचा बनेश्वर, मढें घाट, वरंध घाट या स्थळांमुळें सुटीच्या दिवशीं तिकडे जाणारांची दाटी असते. जुलै 2025 मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत जे बारा मराठा दुर्ग घेतले गेले त्यांत राजगड आहे, तेव्हां ही दाटी ओसरेल असें चिन्ह नाहीं. संशोधक व हौशी प्रवासी एकाच गाडींत बसतात. म्हणून ती गाडी कोठून कोठें जाते तें आधीं सांगून मग जुन्या वाटांकडे वळूं.

पुण्यांत स्वारगेट हें या सर्व प्रवासाचें नाकें. तेथून निघालेली गाडी कात्रजचा डोंगर ओलांडून खेड शिवापुराकडे उतरते. हा पुणें–सातारा रस्ता पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4 म्हणून ओळखला जाई; आतां त्याचा क्रमांक 48 आहे. पस्तीस कि. मी. च्या आसपास नसरापूर फाटा लागतो, ज्यास त्या बाजूचे लोक चेलाडी म्हणतात. वेल्ह्याची गाडी तेथें पश्चिमेस वळते आणि नसरापूर, आंबवणें, मार्गासनी, विंझर या गांवांवरून वेल्ह्यास पोंचते. राजगडास गुंजवण्याकडून चढावयाचें असल्यास मार्गासनीस उतरून साखर–गुंजवणें ही वाट धरावी. पाली दरवाज्यानें चढणारानें वाजेघराकडे जावें. तोरण्याचा पायथा खुद्द वेल्हें गांवच आहे. त्यामुळें 1,403 मीटर उंचीचा, जिल्ह्यांतला सर्वांत उंच किल्ला एस्. टी. च्या थांब्यापासून सरळ चढूं लागतां येतें, ही सोय फार थोड्या गडांस आहे.

भोराची गाडी चेलाडीस न वळतां पुढें कापूरहोळास जाते, तेथें पश्चिमेस वळते व पुण्यापासून सुमारें पन्नास कि. मी. वर भोरास पोंचते. भोरांतून पुढें तीन तोंडें फुटतात. एक नीरेच्या कांठानें निगुडघर, हिर्डोशी यांवरून वरंध घाट उतरून महाडास जातें. दुसरें आंबाडखिंड व मांढरदेवी यांवरून वांईस. तिसरें आंबवडें व कोर्लें या बाजूनें रायरेश्वराच्या पायथ्यास. कापूरहोळ हें नांव प्रवाशास केवळ एक चौफुली म्हणून ठाऊक असतें. पण तेथून पूर्वेस नारायणपूर व सासवड, पश्चिमेस भोर व महाड, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आडवी जाणारी एक देश–कोंकण रेषा दिसूं लागते, आणि आजचा उभा हमरस्ता तिला मध्यें छेदून जातो.

आगगाडीचा या मुलखाशीं संबंध आला नाहीं. पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग पूर्वेकडून जेजुरी व नीरा या स्थानकांवरून गेला, आणि 1998 सालीं पुरी झालेली कोंकण रेल्वे सह्याद्रीच्या खालून महाडजवळच्या वीर स्थानकावरून गेली. दोहोंच्या मधला सारा डोंगराळ पट्टा मोकळा राहिला. तरीहि आगगाडी व भोर यांची सांगड जुन्या इंग्रजी लिखाणांत सांपडते, तिजविषयीं संग्राहकांस सावध करणें अवश्य आहे. खोपोली व खंडाळा यांमधील बोरघाट इंग्रज लेखक सर्रास भोर घाट या उच्चारानें लिहीत. 1830 सालीं गव्हर्नर मालकम यानें गाड्यांसाठीं खुला केलेला व 21 एप्रिल 1863 रोजीं सर बार्टल फ्रीअर यानें जेथें लोहमार्ग सुरू केला तो हाच घाट. भोर शहराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, तो तेथून पुष्कळ उत्तरेस आहे. घोंटाळा वाढण्यास आणखी एक कारण झालें. पंत सचिवांच्या संस्थानाचा पवनमावळ तालुका व घाटाखालचा सुधागड तालुका हे खरोखरच त्या बाजूस होते. म्हणून एखाद्या इंग्रजी पत्राच्या बाडावर भोर घाट असें टिपण असलें, तर तें भोर संस्थानच्या कागदांत घालण्यापूर्वीं आंतील मजकुरांत खोपोली, खंडाळा, पनवेल यांपैकीं एखादें नांव आहे कीं नाहीं हें पाहावें. मराठी वर्तमानपत्रेंहि अद्याप पुष्कळदां भोर घाट असेंच छापतात, तेव्हां ही सावधगिरी आजच्या कात्रणांसहि लागू आहे.

असो. आतां मुलखाच्या घडणीकडे वळूं. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे डोंगराचे सोंड निघतात व त्यांच्या मधून कानंदी, गुंजवणी, वेळवंडी व नीरा या नद्या वाहतात. उघडलेल्या पंजाप्रमाणें ही रचना आहे. आजची मोटार मनगटाकडून, म्हणजे पूर्वेच्या हमरस्त्याकडून, एकेका बोटांत शिरते व टोंकास जाऊन थांबते. दुसऱ्या बोटांत जावयाचें तर परत मनगटाशीं यावें लागतें. वेल्ह्याहून भोरास निघालेला प्रवासी चेलाडीस येऊन, हमरस्त्यानें कापूरहोळ गांठून, पुन्हा पश्चिमेस वळतो. जुना माणूस असें करीत नसे. तो सोंडेवरची खिंड चढून पलीकडच्या खोऱ्यांत उतरे, बोटावरून बोटावर जाई. आणि बोटांच्या टोंकांशीं त्याची वाट संपत नसून तेथूनच घाट सुरू होऊन ती कोंकणांत उतरे. एस्. टी. नें जाणारास प्रत्येक खोरें आडगल्लीसारखें भासतें. सतराव्या शतकांत हीच खोरीं रहदारीचीं होतीं.

देशमुखींचे प्रांत या घडणीवरच बसविलेले आहेत. गुंजण मावळांत शिळिमकर, हिरडस मावळांत बांदल, रोहिड खोऱ्यांत कारीचे जेधे व उत्रौळीचे खोपडे, खेडेबाऱ्यांत कोंडे. यांखेरीज कानद खोरें व वेळवंड खोरें. एकेक मावळ म्हणजे एकेका नदीचें खोरें, आणि शींव म्हणजे मधली सोंड. त्यामुळें दोन मावळांमधले तंटे बहुधा सोंडेवरचे, म्हणजे खिंडीचे, चराईचे व रानाचे असावेत, अशी अपेक्षा ठेवूनच कागद वाचावे. 1660 सालीं पन्हाळ्याहून निघालेल्या शिवाजी महाराजांबरोबर बांदलांचे जे लोक होते व ज्यांच्यांत बाजी प्रभु देशपांडे होते, ते या हिरडस मावळचे. घाटवाटेंत रात्रीं चालणें व खिंड धरून बसणें हें त्यांस नवें शिकावें लागलें नव्हतें. त्यांचा रोजचा शेजार खिंडीच्या पलीकडचा होता.

राजगडाच्या दरवाज्यांकडे पाहिलें म्हणजे हीच गोष्ट दगडांत दिसते. गुंजवणें दरवाजा एका खोऱ्याकडे तोंड करून आहे, पाली दरवाजा कानंदीच्या बाजूस, आणि संजीवनी माचीच्या बाजूचा अळू दरवाजा वेळवंडीच्या खोऱ्याकडे. त्याची वाट भुतोंडें गांवीं उतरते. जो गड तीन खोऱ्यांच्या मधोमध बसला त्यास तिन्हींकडे दारें असणें स्वाभाविक होतें. हल्लींचे प्रवासी पहिल्या दोन वाटांनीं चढतात, कारण त्या वेल्ह्याच्या गाडीस सोयीच्या आहेत. अळू दरवाजा मागची बाजू म्हणून समजला जातो, आणि गडावरील माहितींतहि तो तसाच शेवटीं सांगितला जातो. वस्तुतः रोहिड खोरें किंवा वेळवंड खोरें यांतून येणारा माणूस याच बाजूनें गडावर येणार. कारीहून राजगडास जाणाऱ्या जेध्यांच्या माणसानें गुंजवण्यास वळसा घालण्याचें कांहीं कारण नव्हतें. गडाची पुढली बाजू कोणती हें पाहणारा कोठून येतो यावर असतें.

ही तिसरी बाजू मागें पडण्यास मोटार एकटीच कारण झाली नाहीं. वेळवंडीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण बांधण्यांत आलें, आणि नीरेच्या कालव्यांस अधिक पाणी हवें म्हणून 1928 सालीं त्याहून पुष्कळ उंच असें नवें धरण पुरें झालें. गव्हर्नराच्या नांवावरून त्यास लॉईड धरण म्हणत. त्याचें पाणी खोऱ्यांत लांबवर मागें पसरलें. नदीकांठचीं शेतें, जुनीं गांवठाणें व कांठाकांठानें जाणारी सोपी वाट हीं सर्व पाण्याखालीं गेलीं; लोक वर सरकले, आणि नदीच्या दोन कांठांवरचीं गांवें जीं ओलांडून एकमेकांस पोंचत होतीं त्यांच्यामध्यें तलाव आला. पुढें नीरेवर देवघरचें व कानंदीवर धानेपजवळ गुंजवणीचें अशीं धरणें झालीं, त्यांनीं आणखी दोन खोऱ्यांचा तळ बदलला. धरणाच्या उपयोगाबद्दल आमची तक्रार नाहीं. बारामतीकडील ऊंस व दुष्काळी गांवांचें पाणी त्यांवर आहे. परंतु ज्या गांवाचें जुनें गांवठाण बुडालें त्या गांवाच्या कागदांतील चतुःसीमा आजच्या जागेस लावून पाहणें निरर्थक आहे, एवढें तरी कागदांच्या यादीवर लिहून ठेवण्याची चाल पडावयास हवी. भाटघरच्या पाण्यामागील गांवचें इनामपत्र हातीं आलें तर गांवाच्या नांवापुढें नवें गांवठाण कीं जुनें हें नोंदल्यावांचून तें पत्र छापूं नये, असें आमचें मत आहे.

आतां घाटांचा विचार करूं, कारण खरा फेर तेथें पडला आहे. 1885 सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई सरकारच्या पुणें गॅझेटियरांत सह्याद्रीच्या घाटांचें लांबलचक वर्णन आहे. त्यांत गाडीचा रस्ता कोठें, लादलेला बैल कोठें जातो व पायवाट कोठें, असा भेद ठेवला आहे. बैलाचा घाट हा शब्द आज मनांत येत नाहीं, पण तोच महत्त्वाचा होता. महाडाकडून मीठ व नारळ वर येत, देशावरून धान्य, गूळ व मिरची खालीं जाई, आणि तें सर्व तांड्याच्या पाठीवर. वेल्ह्याच्या पश्चिमेस केळदजवळ मढें घाट व उपांड्या घाट, त्यांच्या उत्तरेस सिंगापूर, एकल, मोहरी या वाड्यांकडून उतरणारी सिंगापूरची नाळ व बोचेघोळीची नाळ, दक्षिणेस शिवथराकडे उतरणारा गोप्या घाट आणि भोराच्या हद्दींत वरंध, अशी ही रांग आहे. यांपैकीं डांबरी रस्ता एकट्या वरंधास मिळाला. बाकीच्या वाटा आज डोंगर चढणाऱ्या हौशी मंडळीच्या व कांहीं धनगरांच्या पायाखालीं आहेत.

याचा परिणाम काय झाला तें दोन उदाहरणांनीं सांगतों.

राजगडाहून रायगड सरळ रेषेंत पंचवीस–सव्वीस कि. मी. आहे. मध्यें लिंगाण्याच्या बाजूची नाळ उतरली कीं रायगडाचें खोरें येतें. चालणारास हें दोन दिवसांचें काम असून आजहि पुष्कळ तरुण राजगड–तोरणा–रायगड अशी पायीं फेरी करितात. एस्. टी. नें जाणारास मात्र राजगडाच्या पायथ्याहून हमरस्ता, हमरस्त्याहून भोर, भोराहून वरंध घाटानें महाड, महाडाहून पाचाड असें शंभर कि. मी. हून पुष्कळ अधिक जावें लागतें व दोन तीन ठिकाणीं गाडी बदलावी लागते. शालेय पुस्तकें वाचून आपल्या मनांत अशी समजूत बसते कीं 1670 नंतर राजधानी राजगडाहून हलली ती कोठें तरी दूर नेली. ती दूर गेली नाहीं. ती एक घाट उतरून खालीं गेली. दोन्ही गडांमधल्या पत्रांचा जाबसाल, माणसांची ये-जा व जिनसांची ने-आण या अंतराच्या हिशेबानें वाचावी. ज्या पत्राच्या पोंचेची तारीख अशक्य म्हणून टाकून दिली जाते, तें पत्र नाळेच्या वाटेनें पोंचलें असल्यास शक्य ठरेल.

दुसरें उदाहरण मढें घाटाचें. 4 फेब्रुवारी 1670 रोजीं सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचें शव या घाटानें खालीं उमरठ गांवीं नेलें, म्हणून घाटास मढें हें नांव पडलें, अशी परंपरा त्या भागांत सर्वत्र सांगतात. नांवावरून गोष्ट बनविण्याची लोकांची हौस आपणांस ठाऊक आहे, आणि केवळ नांवाच्या आधारावर शव तेथूनच गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु या परंपरेस एक गुण आहे तो टीकाकारांच्या ध्यानांत येत नाहीं. ती भूगोलास चुकत नाहीं. सिंहगडाहून दक्षिणेस राजगड, तेथून वेल्हें–पासली–केळद, घाट उतरून कर्णवाडी, मग बिरवाडी व पोलादपुराकडून उमरठ. यापेक्षां जवळची वाट नाहीं. ज्यानें ही गोष्ट प्रथम सांगितली त्याच्या पायांस ती वाट माहीत होती. आज हाच प्रवास गाडीनें करणारा सिंहगडाहून पुण्यास परत येईल, स्वारगेटास भोर किंवा महाडची गाडी धरील, वरंध उतरेल आणि महाडाहून पोलादपुरास जाईल. त्यास मढें घाटाची कथा वाट वांकडी करून घातलेली वाटली तर नवल नाहीं. परंपरा खरी कीं खोटी हें अन्य पुराव्यानें ठरो; ती असंभाव्य आहे हा आक्षेप तरी टिकत नाहीं.

वरंध घाटाविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण मोटारीनें जाणारास जुन्या काळाचा जो थोडा अनुभव मिळतो तो येथेंच. घाटमाथ्यावर कावळ्या किल्ला आहे आणि रस्ता त्याच्या अंगाखांद्यावरूनच गेला आहे. घाट राखणारा किल्ला व घाट यांचा संबंध गाडीच्या खिडकींतून दिसतो. खालीं उतरलें कीं शिवथरचा प्रदेश. कसबे शिवथर, कुंभे शिवथर व आंबे शिवथर अशीं तीन गांवें तेथें आहेत. समर्थ रामदासांच्या वास्तव्याची घळ ती हीच, असें धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं 1930 सालीं शोधून ठरविलें. देवांचें नांव हस्तलिखितांच्या संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. पोथींत व पत्रांत शिवथर हें नांव आधींपासून होतेंच. त्या नांवाचीं एकाहून अधिक गांवें जागेवर आहेत व त्यांतल्या एकाजवळ अशी घळ आहे, हें तेथें गेल्यावांचून कळण्यासारखें नव्हतें.

वरंधाचा रस्ता दरडींनीं फार पीडलेला आहे. अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत तो सरकारी हुकुमानें वाहनांस बंद ठेवावा लागला. तो बंद झाला म्हणजे भोराकडून महाडास जाणारानें एक तर उत्तरेस ताम्हिणीनें किंवा दक्षिणेस वांई–महाबळेश्वर–आंबेनळी या घाटानें वळसा घ्यावा लागतो. एक वाट बुजली म्हणजे सारा मुलूख अडतो, ही अवस्था अर्वाचीन आहे. आठ दहा वाटा चालू असतांना असें होत नसे.

रायरेश्वराबद्दलहि असेंच आहे. 1645 सालचें म्हणून जें पत्र रोहिड खोऱ्याचे दादाजी नरसप्रभु देशपांडे यांच्या नांवें प्रसिद्ध आहे, त्याच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत मतभेद आहेत व त्या वादांत आम्ही येथें पडत नाहीं. जागेविषयीं मात्र एक गोष्ट नोंदवितों. भोराहून कोर्ल्यास जाणारास रायरेश्वराचें पठार संस्थानच्या एका कोपऱ्यांत असल्यासारखें वाटतें, कारण गाडी तेथें संपते. पठारावर उभें राहिलें म्हणजे उत्तरेस नीरेचें खोरें व दक्षिणेस कृष्णेचें खोरें अशीं दोन्ही खालीं दिसतात, आणि दोहोंकडे उतरण्यास वाटा आहेत. दक्षिणेकडील वांई हें त्या काळीं आदिलशाही सुभ्याचें ठिकाण. तेव्हां तें ठिकाण आडबाजूचें नव्हतें; तें दोन अंमलांच्या शिंवेवरचें होतें. पत्र अस्सल धरणारांनीं व न धरणारांनीं, दोघांनींहि हें विचारांत घ्यावें.

ही मनगटाकडून शिरणारी रचना पक्की कधीं झाली? पुणें–सातारा रस्ता इंग्रजी अमलांत कात्रजावरून बांधला गेला, तेव्हांपासून ओढ तिकडे लागली हें उघड आहे. पण तारखांचा एक योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि तीन महिने होण्यापूर्वींच, 1 जून 1948 रोजीं, पुण्याहून तेव्हांच्या अहमदनगरास सरकारी मोटारवाहतुकीची पहिली गाडी सुटली. भोर राजधानी असतांना संस्थानचे लोक कज्जा, सनद, देवस्थानचा हिशेब यांसाठीं भोरास येत. विलीनीकरणानंतर तीं कामें जिल्ह्याच्या ठिकाणीं, म्हणजे पुण्यास गेलीं, आणि त्याच सुमारास पुण्याकडे नेणारी गाडीहि मिळूं लागली. कचेरी व गाडी यांनीं मिळून खिंडींतली पायवाट रिकामी केली. घाटाखालचा सुधागड तालुका तर कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, गेला. आणि ज्या संस्थानचा कारभार घाटाच्या वर व खालीं असा एकत्र चालत होता त्याचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांत पडले. भोर संस्थानच्या कागदांचा शोध घेणारानें म्हणूनच पुण्यावर थांबूं नये, पालीकडेहि पाहावें.

संस्थानच्या तालुक्यांचीं नांवें विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड व पवनमावळ अशीं होतीं. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. विलीनीकरणानंतर तालुके गांवांच्या नांवांनीं चालूं लागले व प्रचंडगड हें नांव कचेरींतून गेलें. 2024 सालीं राज्य मंत्रिमंडळानें वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्यास मान्यता दिली. नांव योग्यच आहे. मात्र संस्थानी कागदांतील राजगड तालुका व हा राजगड तालुका एक नव्हेत. संस्थानांत तोरण्याकडचा मुलूख प्रचंडगड म्हणून वेगळा होता. पुढील पिढींतील यादीकार हे दोन एक समजतील अशी भीति आहे, म्हणून आजच हें लिहून ठेवतों.

एस्. टी. ची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट या मुलखांतील कागद शोधणारास तिच्याएवढें उपयोगी साधन नाहीं, फक्त तिची चाल समजून घेतली पाहिजे. आडगांवच्या गाड्या पुणेंकरांच्या सहलीसाठीं आंखलेल्या नसतात. मुक्कामी गाडी संध्याकाळीं बाजारांतून व कचेरींतून परतणारांस घेऊन खोऱ्याच्या टोंकास जाते, चालक व वाहक तेथेंच निजतात, आणि पहाटे दूध, शाळेचीं मुलें व कामकरी घेऊन ती परत फिरते. सकाळीं निघून संध्याकाळीं परत येऊं इच्छिणाऱ्या प्रवाशास ती उलटी पडते, म्हणून तो खासगी मोटार करितो व दुपारच्या उन्हांत गांवीं पोंचतो, जेव्हां घरांत कोणीहि मोठें माणूस नसतें. संशोधकानें मुक्कामी गाडीनें जावें. रात्रीं माणसें घरीं असतात, पेटी रात्रींच उघडली जाते, आणि वाटेंत शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्यापासून खिंडीचें नांव कळतें तें नकाशावर नसतें. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तर वर्षांवरील माणसांस व मार्च 2023 पासून स्त्रियांस तिकिटांत सवलत आहे; पहिल्यांस प्रवास फुकट व दुसऱ्यांस अर्ध्या भाड्यांत. जुन्या वाटांची माहिती ज्यांस आहे तींच माणसें आज या गाडींत अधिक भेटतात, असा आमचा अनुभव आहे. 2021–22 च्या हिवाळ्यांत कामगारांच्या दीर्घ संपानें गाड्या थांबल्या, तेव्हां खोऱ्याच्या टोंकाच्या गांवांस तो सारा हंगाम एक तर भाड्याच्या जीपवर किंवा पायांवर काढावा लागला.

या मुलखांतून काय मिळूं शकतें याचें उदाहरण जुनेंच आहे. कारीच्या जेध्यांच्या घरांतील शकावली लोकमान्य टिळकांनीं 1916 सालीं पुण्यांत संशोधक मंडळापुढें आणली, आणि शिवकालाच्या कालगणनेचा पाया बदलला. कारी हें गांव रायरेश्वराच्या बाजूस, भोराहून एस्. टी. नें जाण्याजोगें आहे. देशमुखांचीं घराणीं बहुतेक पाहून झालीं आहेत. परंतु घाटावरील जकात व रखवाली ज्यांच्याकडे होती त्या घाटपांड्यांचे कागद, खिंडीच्या तोंडाशीं असलेल्या देवळांच्या गुरवांकडील पत्रें, आणि धरणामुळें उठलेल्या गांवांच्या कुलकर्ण्यांनीं नव्या घरीं नेलेलीं दप्तरें यांकडे त्या मानानें कोणी गेलें नाहीं. शेवटच्या प्रकारचीं घरें आतां जुन्या गांवीं सांपडत नाहींत. भोर शहरांत, शिरवळांत व पुण्यांत तीं शोधावीं लागतील. त्यांच्याजवळ एखादी घाटांच्या नांवांची किंवा जकातीच्या नाक्यांची यादी असल्यास तिची नक्कल, यादी क्षुल्लक वाटली तरी, अवश्य करून घ्यावी.

पावसाळ्यांत वरंध बंद असतां जो कोणी भोरास अडकून पडेल त्यानें दिवस फुकट घालवूं नये. आंबवड्याची गाडी धरावी. तेथें नागेश्वराच्या देवळाजवळ शंकराजी नारायण सचिव यांची समाधि आहे, ओढ्यावर संस्थानच्या काळांतला झुलता पूल आहे, आणि देवळापासून कारीची वाट विचारली तर गांवांतील कोणीहि सांगेल.